फ्लोराबाईंची बदली

सरकारी नोकरीत माणसाची बदली कुठे होणार हे फक्त दोघांना ठाऊक असतं. एक देव आणि दुसरा आस्थापना शाखेतला कारकून. पैकी देव बोलत नाही आणि कारकून चहाशिवाय बोलत नाही. पस्तीस वर्षं मी तो दुसरा होतो. माझं टेबल फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला लागून होतं आणि खिडकीखाली अख्खा चौक पसरलेला होता. वर बसून मी माणसांच्या बदल्या करायचो, खाली बघून पुतळ्यांच्या मोजायचो. या दोन खात्यांच्या कारभारात फारसा फरक नाही, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

चौकाच्या नावापासूनच घोळ. १९७८ साली नेमणुकीचं पत्र आलं त्यावर ‘हुतात्मा चौक’ असा पत्ता होता. व्हीटीला उतरून पाच जणांना विचारलं. तिघांनी ऐकलंच नाही, एकानं उलट्या दिशेला हात केला, एकानं माझ्या हातातलं पत्र लग्नपत्रिका समजून अभिनंदन केलं. सहावा शेंगदाणेवाला होता. तो म्हणाला, “फाउंटन बोला ना साहब.” गेलो. फाउंटन होतं, त्यात पाणी नव्हतं. पुढच्या पस्तीस वर्षांत बहुतेक दिवस नव्हतंच. पण त्याबद्दल तक्रार कशी करणार? मी चाळीत वाढलो होतो. नळ असणं आणि नळाला पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला बाराखडीच्या आधी कळत असे.

कारंजाच्या माथ्यावर एक बाई उभी आहे. तिला कुणी वर मान करून बघत नाही, कारण फाउंटनला माणसानं मान वर केली की खाली पाय टॅक्सीखाली जातो. मी मात्र खिडकीतून तिच्या जवळजवळ समोरासमोर बसत होतो. रोज नजरानजर होणाऱ्या बाईची निदान माहिती असावी, म्हणून मी तिचं सर्व्हिस बुक गोळा करायला घेतलं.

नाव फ्लोरा, जात देवता, देश रोम, खातं फुलांचं. रुजू १८६४. आराखडा नॉर्मन शॉ नावाच्या विलायती वास्तुरचनाकाराचा, कोरीवकाम जेम्स फोर्साइथचं, दगड पोर्टलंडचा, बोटीनं आणलेला. नेमणूक करणारं कार्यालय, पश्चिम हिंदुस्थानची कृषी आणि उद्यान संस्था. खर्च ४७ हजार रुपये, त्यातले २० हजार कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. त्या काळात एवढे पैसे कुठून आले, असं विचारू नका. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या उरावर बसले होते, तिकडचा कापूस अडकला होता, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत ज्याच्याकडे गासडी होती तो सावकार आणि ज्याच्याकडे शेअरचा कागद होता तो महाराजा. १८६५ साली तिकडे लढाई थांबली, इकडे कागदाचा कागदच राहिला. फ्लोराबाईंनी एक वर्ष आधी रुजू होण्यात शहाणपणा दाखवला. वर्षभर उशीर झाला असता तर त्यांच्या जागी एखादी पाणपोई उभी राहिली असती, आणि लोकांनी तिला दुवा दिला असता.

आता मुख्य शेरा. या बाईंची मूळ नेमणूक इथली नव्हतीच. त्यांना भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत उभं राहायचं होतं. फुलांची देवता बागेत, हा हुकूम इतका योग्य होता की तो अमलात येणं शक्यच नव्हतं. बाई भायखळ्याऐवजी फोर्टात रुजू झाल्या. शिवाय या कारंजाला आधी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव द्यायचं घाटत होतं. याच साहेबानं मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडायला काढला, म्हणून ही जागा मोकळी झाली. पाडकामाचं सगळं खापर ज्याच्या डोक्यावर, त्याचं नाव ऐन वेळी खोडलं गेलं आणि जिनं एक वीटही हलवली नव्हती तिचं लागलं. ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

फ्रियरसाहेबांनी जे पाडलं त्यात इथलाच एक दरवाजा होता. त्या दरवाजातून सरळ आत गेलं की सेंट थॉमसचं चर्च लागे. ते १७१८ पासून तिथेच आहे. चर्चकडे जाणारं गेट म्हणून चर्चगेट. गेट गेलं, आणि तिथून चांगलं चालत जावं लागतं अशा अंतरावर उभ्या राहिलेल्या रेल्वे स्टेशनाला त्याचं नाव राहिलं. आज लाखो माणसं रोज चर्चगेटला उतरतात. तिथे चर्च नाही आणि गेट तर दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी पडलं. पण कुणी स्टेशनमास्तरकडे तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मुंबईचा माणूस पत्ता विचारताना वस्तू आहे का हे बघत नाही, नाव चालू आहे का एवढंच बघतो.

हे मला माझ्या मामांनी शिकवलं. मामा मालवणकडचे. मला नोकरी लागून सातआठ वर्षं झाली असतील, ते पहिल्यांदा मुंबईला आले आणि म्हणाले, काळा घोडा दाखव. हाफ डे टाकला आणि फाउंटनवरून त्यांना चालवत नेलं. पोचलो. मामांनी कमरेवर हात ठेवून चारी दिशांना बघितलं. समोर ओळीनं मोटारी उभ्या होत्या.

“घोडो खंय हा रे?”

“मामा, घोडा नाही आता. होता.”

“मगे काळो घोडो म्हणतत कित्याक?”

मी त्यांना सगळं सांगितलं. विलायतेचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, मुंबईला येऊन गेला, म्हणून अल्बर्ट ससून या धनिकानं त्याचा घोड्यावर बसलेला पुतळा करवून १८७९ साली इथे बसवला. लोकांनी पुतळा बघितला, त्यातला युवराज सोडून दिला आणि चौकाला घोड्याचं नाव दिलं. तेही त्याच्या काळ्या रंगावरून. पुढे १९६५ साली पुतळा हलवला, नाव राहिलं. मला वाटलं मामा चकित होतील. ते शांतपणे पानाचा डबा काढत म्हणाले, “ह्यात काय हा? आमच्या वाडीतलो वड पडलो तेका वीस वर्सा झाली. येष्टीचो ष्टॉप अजून वडाचोच.”

तरी गावाहून एवढा माणूस आलाय तर घोडा दाखवायलाच हवा, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना राणीच्या बागेत नेलं. आणि तिथे माझं आस्थापना शाखेतलं डोकं चालू लागलं. १९६५ साली इंग्रजांच्या पुतळ्यांची घाऊक बदली झाली, ती या बागेत. घोडा तर होताच, वर त्याचा युवराजही होता. जवळच भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या मागे कॉर्नवॉलिस, वेलस्ली आणि खुद्द व्हिक्टोरिया राणी. दारात घारापुरीचा दगडी हत्ती. हाही बदलीचाच बळी. इंग्रज त्याला १८६४ साली, म्हणजे फ्लोराबाई रुजू झाल्या त्याच वर्षी, विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडला, तुकडे झाले. विलायतेचा हुकूम रद्द. तुकडे इथे पोचले आणि जोडायला १९१४ साल उजाडलं. प्रकरण निकालात निघायला पन्नास वर्षं. आमच्या ऑफिसात यापेक्षा जुनी फाइल मी स्वतः हाताळली आहे, त्यामुळे मला हत्तीबद्दल विशेष सहानुभूती वाटली नाही.

मामा सगळ्यांकडे एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, “म्हणजे रिटायर झालेले सगळे हयसर ठेवतत?”

“हो. आणि जिला खरं इथे ठेवायचं होतं, ती तिकडे फाउंटनला आहे.”

मामांनी पानाची पिंक टाकायला जागा शोधली, राणीकडे बघून बेत बदलला आणि म्हणाले, “बदली झाली मां तेंची. अदलाबदली.”

बरोबर! याला आमच्या भाषेत म्युच्युअल ट्रान्स्फर म्हणतात. फोर्टातल्या सगळ्यांना बागेत जायचं होतं म्हणून बागेतलीला फोर्टात पाठवलं. १८६४ साली अर्ज, १९६५ साली पूर्तता. एकशे एक वर्षं. अनुभवावरून सांगतो, म्युच्युअलच्या प्रकरणात ही काही फार मोठी दिरंगाई नव्हे.

राणीचा थोडा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण तिचा गोपनीय अहवाल बदलीच्या कितीतरी आधी बिघडला होता. तिचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून आला आणि आमच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर, तारघराजवळ छत्राखाली बसवला गेला. १८९६ साली एका रात्री दामोदर चापेकरांनी राणीला डांबर फासलं आणि गळ्यात जुन्या वहाणांची माळ घातली. पुण्याला रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडण्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ‘काळा शेरा’ म्हणतात तो इतक्या शब्दशः मारलेला मी दुसरा पाहिला नाही. तो पुसता पुसेना. शेवटी प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर नावाच्या रसायनशास्त्रज्ञांना बोलवावं लागलं. त्यांनी डाग काढला आणि नाव कमावलं. आमच्याकडे काळा शेरा काढणारे लोक वेगळ्या रसायनानं काढत, पण त्यांचं नाव कधी बाहेर आलं नाही.

खिडकीतून दिसणाऱ्यांत बदलीची भीती नसलेले एकच होते, दादाभाई नौरोजी. चौकाच्या तोंडाशी त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर ते खुर्चीत बसले आहेत. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेत कशी वाहून जाते याचा हिशेब जन्मभर मांडलेला माणूस आणि पन्नास पावलांवर विलायतेहून इकडे वाहून आणलेला ४७ हजारांचा दगड. त्यांनी तो जमेच्या बाजूला धरला असेल असं वाटत नाही. १८९२ साली लंडनमधून पार्लमेंटवर ते निवडून गेले ते पाच मतांनी. एवढ्या कमी फरकानं मिळालेली खुर्ची एवढी वर्षं टिकवणारा दुसरा पुढारी माझ्या पाहण्यात नाही.

बाकी चौकाचं रोजचं कामकाज या पुतळ्यांना न विचारता चालत असे. साडेनऊला व्हीटीकडून आणि चर्चगेटकडून दोन नद्या यायच्या आणि कारंजाला वळसा घालून इमारतींत जिरायच्या. कारंजात पाणी नसलं तरी भोवती पूर होता तो हा. अकराला हायकोर्टाकडे काळे कोट सुटायचे. फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग, त्यात इंजिनीअरिंगची गाइडं, फाटक्या कव्हरची इंग्रजी रहस्यं आणि मधूनच कुणाच्या तरी आजोबांच्या सहीचा कोश. पुस्तकवाल्याला वाचता किती येत होतं ठाऊक नाही, पण गिऱ्हाईकाचा चेहरा तो अस्खलित वाचायचा. हात पुस्तकाकडे जाताना तुमच्या डोळ्यांत चमक दिसली की किंमत दीडपट. म्हणून मी हवं ते पुस्तक सोडून शेजारच्या पुस्तकाची घासाघीस करायचो आणि शेवटी कंटाळल्यासारखं करून “बरं, मग हे तरी दे” म्हणायचो. पहिल्या वेळी जमलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, “साहेब, तुम्हाला ते बाजूचं पाहिजे ना? दीडशे.”

या सगळ्या वर्दळीत कारंजाशेजारी दोन माणसं उभी असतात. एक शेतकरी, एक कामगार, हातात मशाल. त्यांच्यावरून चौकाला हुतात्मा चौक म्हणतात. त्यांची गंमत करायची नाही, एवढं आम्हाला कुणी न सांगता कळत होतं. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, मुंबई महाराष्ट्राची आहे हे सांगायला निघालेली माणसं इथे अडवली गेली आणि गोळीबार झाला. त्या दिवशी पंधरा जण गेले. पुढे जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार असं जाहीर झालं, शहर पेटलं, आणखी माणसं गेली. १ मे १९६० ला राज्य मिळालं. हुतात्म्यांचा आकडा आम्ही आधी १०५ ऐकला, मग १०६, मग १०७. आस्थापना शाखेत एका माणसाची गफलत झाली तर मेमो निघतो. इथे तिसऱ्या मजल्यावरून पस्तीस वर्षं स्मारक बघणारा मी, एकदा खाली उतरून नावं मोजावीत असं मला सुचलं नाही.

सुचलं नाही हेही खरं नाही. सांगितलं होतं. आमच्या ऑफिसात शिपायांचे नाईक होते, लालबागचे. माणूस मोजकं बोलणारा. दर २१ नोव्हेंबरला चहाच्या सुट्टीत ते खाली जायचे. मी खिडकीतून बघायचो. स्मारकापाशी पोचले की चपला काढायचे, थोडा वेळ उभे राहायचे, चपला घालून परत यायचे आणि टपाल वाटायला लागायचे. एकदा न राहवून विचारलं. म्हणाले, “दोस्त होता. नाव आहे तिथं.”

“कोणतं नाव?”

“भाऊ, नाव सांगितलं तर तुम्ही तेवढंच शोधाल. सगळी वाचा. त्यातच आहे तो.”

मी म्हटलं, उद्या वाचतो. कारकुनाचा उद्या कसा असतो हे वाचकांना सांगायला नको. नाईक निवृत्त झाले. प्रकरण माझ्याकडे प्रलंबित राहिलं.

२०१३ साली मी निवृत्त झालो. त्याच वर्षीच्या जुलैत तार बंद झाली. समोरच्या तारघराला आणि मला एकदमच मोकळं केलं म्हणायचं. निरोप समारंभात सगळे म्हणाले, तुमच्याशिवाय ऑफिस चालणार नाही. ऑफिस उत्तम चाललं. आणि चौकात तर मी गेल्यावरच सगळी कामं मार्गी लागली. २०१७ साली काळ्या घोड्याच्या जागी नवा घोडा आला. श्रीहरी भोसले यांनी घडवलेला, पाठीवर स्वार नसलेला. बावन्न वर्षांनी कर्मचारी मूळ जागी रुजू झाला, साहेब मात्र आला नाही. अशी बदली मी उभ्या आयुष्यात एकाही अर्जदाराला मिळवून देऊ शकलो नव्हतो. पाठोपाठ फ्लोराबाईंची डागडुजी निघाली. अंगावरचे वर्षानुवर्षांचे रंगाचे थर खरवडले, मोडकी बोटं नीट केली. तिच्याभोवती खणताना ट्रामचे रूळ सापडले. ट्राम १९६४ सालीच बंद झाली, रूळ जागेवरच होते. खातं बंद झालं तरी फाइल सापडते, पण गरज संपल्यावर सापडते. २०१९ साली कारंजाला पाणी आलं. मामा हयात असते तर ते बघायला खास आले असते.

आणि आता मेट्रो. ऑक्टोबर २०२५ पासून वरळीच्या आचार्य अत्रे चौकात जमिनीखाली शिरलेला माणूस हुतात्मा चौकाला बाहेर येतो. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्या अत्र्यांनी सभा आणि अग्रलेख गाजवले त्यांच्या नावाचा चौक, आणि त्या लढ्यात पडलेल्यांचा चौक, एका गाडीत. मी मुद्दाम गेलो. गाडीत ‘पुढचं स्टेशन हुतात्मा चौक’ असं ऐकू आलं तेव्हा शेजारचा एक तरुण फोनवर म्हणत होता, “हां, हुतात्मा चौकला उतरतोय, पाच मिनिटांत आलो.” ‘फाउंटन’ म्हणाला नाही. १९७८ साली व्हीटीबाहेर ज्या पत्त्यासाठी मला सहा माणसं लागली, तो त्याच्या तोंडात सहज होता.

वर आलो. फ्लोराबाईंकडे आयुष्यात पहिल्यांदा खालून बघितलं. खिडकीतून दिसायच्या त्यापेक्षा बऱ्या दिसतात. मग स्मारकाकडे गेलो, चपला काढल्या आणि पहिल्या नावापासून वाचायला लागलो. मध्ये कुणीतरी धक्का मारला, ओळ चुकली, पुन्हा पहिल्यापासून धरली. नाईकांचा दोस्त त्यातला कोणता ते मला कळलं नाही. त्यामुळे प्रत्येक नावाशी तोच असेल म्हणून थांबावं लागलं. नाईकांनी मला सगळी नावं वाचायला का लावली, ते मला त्या दिवशी कळलं. त्यांचं एकट्याचं प्रकरण त्यांनी असं सगळ्यांच्या नावावर केलं होतं.

नावं मोजलीसुद्धा. आकडा इथे लिहीत नाही. लिहिला तर तुम्ही जाणार नाही. फोर्टात कधी काम निघालं तर एक लोकल सोडा, चपला काढा आणि स्वतः मोजा. उद्यावर टाकू नका. उद्या कसा असतो ते तुम्हालाही माहीत आहे.